काकींच्या गोष्टीला मी लिहिलेला शेवट

आमच्या महिला लेखन मंडळात सगळ्यात कमी लिहिणारी मी होते. खरं सांगायचं तर मी काहीच लिहीत नव्हते. माझं अक्षर चांगलं, म्हणून मला घेतलं होतं.

मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर एक बालवाडी भरायची. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी तिथे आम्ही दहा-बारा जणी जमायचो, मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे वर करून बसायचो आणि आणलेलं एकमेकींना वाचून दाखवायचो. कुणी कविता आणायची, कुणी नणंदेवर विनोदी लेख, कुणी काश्मीरच्या ट्रिपचं वर्णन. ते सगळं मी फुलस्केप कागदांवर उतरवून काढायची, कडेने वेलबुट्टी काढायची. दोऱ्याने शिवलेला तो हस्तलिखित अंक मग प्लॅस्टिकच्या पिशवीतून घरोघर फिरायचा. पहिल्या पानावर घरांची यादी असे. वाचून झालं की सही करायची आणि पुढच्या घरी द्यायचा. परत येईपर्यंत अंकावर दोन-चार आमटीचे डाग पडलेले असायचे, आणि एकदा तर कुणाच्या तरी नवऱ्याने कवितेशेजारी पेन्सिलीने 'यमक चुकलं' असं लिहून पाठवलं होतं.

मंडळ सुरू केलं होतं एका निवृत्त शिक्षिकेने. त्यांना आम्ही सगळ्या 'बाई' म्हणायचो. बाईंमुळेच आमचं वाचन गणेशोत्सवात स्टेजवर झालं, बाईंमुळेच शेजारच्या दोन सोसायट्यांनी आमचा अंक मागून घ्यायला सुरुवात केली. बायका रिकामटेकड्या जमतात आणि चकाट्या पिटतात, असं म्हणणारे लोक हळूहळू गप्प झाले.

काकी मंडळात नव्हत्या. त्या बालवाडीत मदतनीस होत्या. सतरंज्या घालायच्या, पोरांची नाकं पुसायची, दुपारी कुलूप लावायचं, ही त्यांची कामं. आमच्या सभेच्या दिवशी कुलपासाठी त्यांना थांबावं लागे, म्हणून त्या दाराशी बसून ऐकत राहायच्या आणि मधे उठून आम्हाला चहा करून द्यायच्या. मालवणकडच्या. नवरा लालबागच्या गिरणीत होता. संपात नोकरी गेली, तिकडची खोली विकली आणि मिठागराच्या बाजूला एका चाळीत येऊन राहिले. नवरा भांडुपला वॉचमन झाला. एवढं आम्हाला माहीत होतं. एवढंच.

एका शनिवारी सगळ्यांचं वाचून झाल्यावर काकी दाराशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मिया वाचू काय?"

कुणी काही बोलायच्या आत त्यांनी पदराखालून दोनशे पानी वही काढली. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईचं मोठं, उभं अक्षर. त्यांनी वाचायला सुरुवात केली. संप लागला त्या वर्षाची गोष्ट होती, त्यांच्याच घरातली. 'पुरुष घरात बसला की घर लहान होतं,' हे त्यांचं दुसरं की तिसरं वाक्य. नवरा सकाळी आंघोळ करून, भांग पाडून, डबा नसलेली पिशवी घेऊन गिरणीच्या गेटपर्यंत कसा जाऊन यायचा, ते त्यांनी सांगितलं होतं. कुठेही रडणं नाही, कुणाला शिव्या नाहीत. वाचून झाल्यावर बाई बराच वेळ चष्मा पुसत बसल्या.

त्या दिवसापासून काकी मंडळात आल्या. चहा मात्र त्याच करत राहिल्या. आमच्यापैकी कुणालाही उठून तो करावासा वाटला नाही, हे मला आता लिहितानासुद्धा टोचतं.

दर महिन्याला काकी एक भाग आणायच्या आणि अंक ज्या घरी जाई तिथे बायका आधी काकींचं पान उघडायच्या. एकदा रेडिओवरच्या बायकांच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं तेव्हा बाईंनी स्वतःचं नाव मागे घेऊन काकींना पाठवलं. काकींच्या नवऱ्याने, आम्ही त्यांना काका म्हणायचो, तो कार्यक्रम ड्यूटीवर केबिनमधल्या ट्रान्झिस्टरवर ऐकला. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "माझा नाव घेतलस नाय मां?" हे काकींनी आम्हाला हसत हसत सांगितलं होतं. त्यांचा आवाज जाड, थोडा घोगरा होता. हसताना त्या तोंडावर हात धरायच्या.

चौथ्या भागात त्यांची धाकटी मुलगी आली. सहा वर्षांची. संप मिटायची चिन्हं दिसेनात, तेव्हा तिला गावी मामाकडे ठेवायचं ठरलं. मामा-मामीला मूलबाळ नव्हतं. परळच्या डेपोत गावच्या एका बाईबरोबर तिला एसटीत बसवून दिलं. खिडकीतून तिने विचारलं, "आये, तू कधी येतलंस?" काकींनी लिहिलं होतं: 'मी पंधरा दिवस म्हटलं. तिला पंधरापर्यंत मोजता येत होतं.'

तो भाग तिथेच संपला.

मग आमच्यातल्या एकीने विचारलं, "मग? आणलीत ना तिला परत?"

काकींनी वही मिटली. "लिवतंय मगे," म्हणाल्या आणि चहाचे कप गोळा करायला लागल्या.

पुढच्या महिन्याच्या शनिवारी त्यांनी काही आणलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. "लिवतंय, होणा नाय," एवढंच म्हणाल्या. मग एका सकाळी बालवाडीत सतरंजी अंथरता अंथरता त्या तिच्यावरच कोसळल्या. पोरांना वाटलं काकी गंमत करतायत. दोघं-तिघं त्यांच्या शेजारी जाऊन तशीच आडवी झाली.

पॅरॅलिसिसचा झटका होता. उजवी बाजू गेली, आणि वाचाही. सरकारी हॉस्पिटलमधून महिनाभराने घरी सोडलं तेव्हा मी आणि बाई पहिल्यांदा काकींच्या घरी गेलो. एक खोली, पडद्यामागे मोरी, खिडकीतून दूरवर मिठाचे ढीग दिसत होते. काकी खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. आम्हाला पाहून त्यांचा अर्धा चेहरा हसला.

"कशा आहात काकी?" बाईंनी विचारलं.

"बरां," काकी म्हणाल्या.

आम्हाला केवढा आनंद झाला! बाई त्यांचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "बघ, बोलतायत की."

खाटेजवळ त्यांची थोरली मुलगी उभी होती. अठरा-एकोणीसची, कुठल्याशा पॅकिंगच्या कारखान्यात जाणारी. ती म्हणाली, "तेवढंच बोलते आई. दुसरं काय नाय येत."

तसंच होतं ते. पाणी देऊ का, बरां. पंखा बंद करू का, बरां. उशी टोचतेय का, बरां. डॉक्टरांनी मुलीला सांगितलं होतं, तिला समजतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत. आणि जो एक राहिलाय तोच दर वेळी बाहेर येतो. मालवणीत 'बरां' म्हणजे ठीक आहे, चालेल. जन्मभर ज्या शब्दाने त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं असेल, नेमका तोच शिल्लक राहिला होता.

मी आठवड्यातून एक-दोनदा जायला लागले. डोक्यात एकच होतं, काकींची गोष्ट पुरी करायची. बालवाडीतला अक्षरांचा तक्ता मी मागून नेला. काकींच्या डाव्या हाताचं बोट धरून म्हटलं, "काकी, दाखवा. एकेक अक्षर दाखवा, मी लिहिते." बोट तक्त्यावरून फिरलं, अननसाच्या चित्रावर थांबलं, घसरून बदकावर गेलं. त्या तक्त्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मग मी म्हटलं, हो असेल तर माझा हात दाबा, नाही असेल तर दाबू नका. "धाकटी परत आली ना?" त्यांनी हात दाबला. खात्री करायला मी उलट विचारलं, "नाही आली?" त्यांनी हात दाबला. आणखी जोरात.

काका कोपऱ्यात वॉचमनचा ड्रेस इस्त्री करत होते. त्यांना विचारलं तर मान वर न करता म्हणाले, "बाय, तिका आता काय इचारू नको. ता सगळा रवांदे."

थोरलीला विचारता आलं असतं. ती रोज संध्याकाळी घरी असे. पण काका नको म्हणाले आहेत, असं कारण माझ्या हाताशी होतं. धाकटी घरात कधी दिसली नाही, तेव्हा ती शाळेत असेल, खेळायला गेली असेल, असं मी धरून चालले. पुढे खरं कळल्यापासून आजवर मी स्वतःला किती वेळा विचारलंय की एकदाही मनात शंका कशी आली नाही. आली असणार. मी ती येऊ दिली नाही.

त्या वर्षी मंडळाचा पहिला छापील दिवाळी अंक निघायचा होता. आमच्यासाठी ही फार मोठी गोष्ट होती. साडीच्या दुकानाची, पिठाच्या गिरणीची, क्लासची जाहिरात मिळाली होती. स्टेशनजवळच्या एका छापखान्याने काम घेतलं होतं. काकींचे चारही भाग एकत्र, सुरुवातीलाच द्यायचे हे ठरलेलं. पण शेवटाचं काय?

"अशी लटकत ठेवलेली गोष्ट छापायची कशी?" बाई म्हणाल्या. "वाचणारा विचारणार, मुलीचं काय झालं. तू लिही. काकींचं प्रत्येक वाक्य तुझ्या हाताखालून गेलंय. त्यांची भाषा तुझ्याइतकी कुणाला माहीत आहे?"

मी नको म्हटलं. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा मात्र म्हटलं नाही. मी काकींकडे गेले, खाटेशी बसले आणि विचारलं, "काकी, शेवटचा भाग मी लिहू का? तुमच्या नावाने?"

काकी माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरां."

मला माहीत होतं त्या शब्दात काही नाही. तरी मी तो परवानगी म्हणून घरी घेऊन आले.

दोन दुपारी बसून मी लिहिलं. काकी गावी जातात, एसटी फाट्यावर थांबते, पायवाटेने घराकडे चालतात. अंगणात मुलगी शेंगा निवडत बसलेली असते. ती आईला बघते, शेंगांचं सूप उलटं करते आणि धावत येऊन आईच्या कमरेला मिठी मारते. म्हणते, 'पंधरा कधीच संपले.' हे शेवटचं वाक्य सुचलं तेव्हा मी टेबलावरून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःचं काही लिहिलं होतं. चांगलं झालं होतं. मला लिहायला आवडलं होतं, ही गोष्ट मी पुष्कळ वर्षं कुणाला सांगितली नाही.

अंकाचं प्रकाशन बालवाडीतच झालं. पताका लावल्या, जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका पाहुण्या म्हणून आल्या. काकींना थोरलीने रिक्षातून आणलं; आम्ही चौघींनी त्यांना खुर्चीसकट उचलून आत घेतलं. हॉस्पिटलनंतर त्या पहिल्यांदाच बाहेर पडल्या होत्या. नवं लुगडं, केसांत अबोलीचा वळेसर. सगळ्या जणी त्यांच्या भोवती गोळा झाल्या. अंक त्यांच्या मांडीवर ठेवला, तेव्हा डावा हात त्या बराच वेळ कव्हरवरून फिरवत होत्या.

मग मी वाचायला उभी राहिले. पहिले चार भाग वाचताना काकींचे डोळे माझ्यावर खिळलेले होते. एका ठिकाणी त्या हसल्याही. खोली भरलेली होती, दारातही माणसं होती.

मी शेवटचा भाग सुरू केला. फाटा, पायवाट, अंगण. मुलगी धावत येते तिथे पोचले आणि समोरून आवाज आला.

"बरां."

मी वाचत राहिले.

"बरां. बरां! बरां!"

काकींचा चेहरा लालभडक झाला होता. डाव्या हाताने त्या खुर्चीच्या हातावर थापा मारत होत्या, मांडीवरचा अंक खाली पडला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि अर्ध्या तोंडातून तोच एक शब्द, पुन्हा पुन्हा, मोठमोठ्याने. पाहुण्या बाईंनी रुमाल डोळ्यांना लावला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. "किती आनंद झालाय बघा त्यांना," माझ्या मागे कुणी म्हणालं.

मी काकींच्या समोर उभी होते. मला त्यांचे डोळे दिसत होते. त्यात आनंद नव्हता. माझ्या हातात कागद होता आणि शेवटचं वाक्य वाचायचं राहिलं होतं. मी ते वाचलं. थांबायचं कसं, मला कळलं नाही.

रिक्षा येईपर्यंत थोरली आणि मी गेटपाशी उभ्या होतो. काकी मान खाली घालून खुर्चीत बसल्या होत्या. थोरली हळू आवाजात म्हणाली, "ताई, तुम्ही चांगलं लिहिलंय हो. पण तसं झालं नाय."

"मग काय झालं?"

"आई पंधरा दिवसांनी नाय गेली. दीड वर्षाने गेली. तोवर जायला जमलंच नाय. गेली तेव्हा ती मामीच्या मागे लपली. मामीला आये म्हणायला लागली होती. चार दिवस आई तिथे राहिली, मग एकटीच आली. ती अजून तिकडेच आहे."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाय." तिने ते तक्रारीसारखं म्हटलं नव्हतं. "आणि आजारी पडायच्या आधी आईनेच तुम्हाला सांगितलं असेल असं वाटलं. छापायला दिलंत म्हणजे तिने बदलून घेतलं असेल."

दुसऱ्या दिवशी मी बाईंकडे गेले. सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "अंक वाटून झालेत गं. आता काय करणार?"

"पुढच्या अंकात खुलासा देऊ."

"काय देणार खुलाशात? मुलगी आली नाही, असं छापणार?"

तेही मी काकांना विचारून पाहिलं. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं. "बाय, जा छापलास ता खोटा, पन चांगला आसा. खरा छापून माका गावात तोंड दाखवक जागा ठेवची नाय काय?" आणि मग धाकटीबद्दल, "त्या चेडवाक पन वाचूक येता आता."

म्हणजे खोटं काढता येत नव्हतं, आणि खरं लिहिता येत नव्हतं. माझ्या कपाटात पन्नासेक अंक उरले होते. त्यांतलं काकींच्या गोष्टीचं शेवटचं पान फाडून टाकायचं म्हणून एका दुपारी मी ते जमिनीवर पसरून बसले. पण त्याच पानाच्या पाठीमागे मंडळातल्या दुसऱ्या एकीची कविता होती. मी सगळे परत गठ्ठ्यात बांधून ठेवले.

काकींकडे जायला मला आठ दिवस लागले. त्या खाटेवर तशाच बसल्या होत्या. मी म्हटलं, "काकी, माझं चुकलं. मी विचारायला हवं होतं." त्या म्हणाल्या, "बरां." मी म्हटलं, "तुम्ही रागावलात, मला कळतंय." त्या म्हणाल्या, "बरां." मला त्यांच्याकडून एक शिवी हवी होती. मालवणी बायका काय शिव्या देतात, ते मला त्यांच्याकडूनच माहीत होतं. मी बराच वेळ बसले, त्यांच्या पायांना तेल चोळलं आणि निघाले. त्यानंतर माझं जाणं कमी झालं. मुलाची परीक्षा, सासूबाईंचं मोतिबिंदूचं ऑपरेशन, कारणं पुष्कळ होती.

पुढच्या वैशाखात थोरलीचं लग्न ठरलं आणि काकांनी मुलुंडची खोली सोडून गावी जायचं ठरवलं. मुंबईत बघायला कुणी नाही, तिकडे हिची भावजय आहे, असं ते म्हणाले. म्हणजे काकी त्याच घरी जाणार होत्या, जिथे त्यांची मुलगी दुसऱ्या बाईला आये म्हणते. आणि तिथे त्यांना कुणीही काहीही विचारलं तरी त्या बरां म्हणणार होत्या. मला वाटलं काकांना सांगावं, असं करू नका. पण दुसरं काय करा, हे मला सांगता आलं नसतं. निघायच्या दिवशी मी आणि बाई चाळीत गेलो. टेम्पोत गादी घालून काकींना निजवलं होतं. बाईंनी त्यांच्या ओटीत नारळ घातला. मी त्यांची दोनशे पानी वही नीट बांधून उशाशी ठेवली. मागची सगळी पानं कोरी होती, ते मी बांधताना पाहिलं होतं.

मंडळ नंतरही चांगलं चाललं. दोन छापील अंक निघाले, जिल्ह्याच्या एका स्पर्धेत बक्षीस मिळालं, आमच्यातल्या एकीच्या कथा मासिकांत यायला लागल्या. दशक संपता संपता मंडळाने निवडक लेखांचं पुस्तक काढायचं ठरवलं, तेव्हा काकींचा लेख पहिला निवडला गेला. मी म्हटलं, घ्या, पण चौथ्या भागावर थांबवा. का, ते तोवर सगळ्यांना माहीत झालं होतं. तरी अर्ध्या जणींना वाटत होतं की शेवटाशिवाय ती गोष्ट वाटत नाही. मतं घेतली. माझ्या बाजूने तिघी होत्या, त्यांत बाई नव्हत्या. त्यांनी मला नंतर बाजूला घेऊन सांगितलं, "अगं, ते तू फार छान लिहिलंयस. ते जाऊ द्यायचं माझ्या जिवावर आलं."

गावी मी दोन पत्रं पाठवली होती. उत्तर आलं नाही. ती वाचून दाखवली गेली की नाही, कोण वाचून दाखवणार होतं, मला माहीत नाही.

पुस्तकाच्या समारंभानंतर कॉलेजात जाणारी एक मुलगी माझ्याकडे आली. तिला कुणीतरी सांगितलं होतं की काकींना मी ओळखत होते. तिने ते पान उघडूनच धरलं होतं. "ही मुलगी आईला म्हणते ना, पंधरा कधीच संपले," ती म्हणाली, "ते वाचून मी इतकी रडले! त्या बाईंना सांगाल का माझ्याकडून?"

सभागृहातल्या खुर्च्या आवरायला सुरुवात झाली होती. मी तिला, सांगते, म्हटलं.